काजळी बुडते ते पान

गिरजा वाचत होती, मामाजी ऐकत होते, आणि घरातलं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं होतं.

"'काजळीने यशवंतरावांच्या चरणांवर मस्तक ठेवले. तिच्या काळ्याभोर अंगाला मासळीचा उग्र दर्प येत होता. परंतु त्या दर्पाखाली एक निष्पाप हृदय धडधडत होते. मालक, मी तुमच्या पायाची धूल हाये जी...'" गिरजा थांबली. "मामाजी, धूल की धूळ?"

"धूलच. ती कशी बोलते ते दाखवलंय मी," छपरीतल्या खाटेवरून लक्ष्मीचंद म्हणाले. आणि लगेच, "पानी आन वो जरा. घसा सुकून रायला माहा."

काचबिंदूनं त्यांची नजर नेल्यापासून त्यांचं सगळं वाचन सुनेच्या तोंडून होत असे. आधी पेपर, मग पोथी, आणि गेले काही दिवस त्यांची स्वतःची कादंबरी. 'बोडीकाठची काजळी'. तरुणपणी लिहिलेली, एकदाच छापलेली, पण अर्जुनी मोरगावपासून देवरीपर्यंत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत नाटक होऊन गाजलेली. आता पोवार समाजाचं मंडळ तिची दुसरी आवृत्ती काढत होतं. रविवारी कोहमाऱ्याला संमेलन, तिथं प्रकाशन. मंडळाच्या छोटेलालनं छपाईआधीची पानं तपासायला पाठवली होती. मजकूर एकदा वाचून झाला होता, आता शंका असलेली पानं पुन्हा वाचणं चाललं होतं. राहिली होती फक्त प्रस्तावना, आणि ती लिहायची होती नातीनं, ओमेश्वरीनं. गोंदियाच्या कॉलेजात मराठी शिकवणारी नात असताना बाहेरचा विद्वान कशाला, असं लक्ष्मीचंदांनीच अभिमानानं सांगितलं होतं.

नातीनं आदल्या संध्याकाळी जेवताना सांगितलं होतं, की हिमांशूशी लग्न करणार. हिमांशू म्हणजे बकारामचा मुलगा. बकाराम म्हणजे ह्यांची बोडीखालची, गावतळ्याखालची जमीन ठेक्यानं करणारा धिवर, जातीनं मासेमार. पोरगा शिकून गुरांच्या दवाखान्यात चिचगडला नोकरीला लागला होता, चांगला होता, दिसायलाही ठीक होता. पण म्हणून काय झालं? ओमेश्वरीचा बाप लोकेंद्र ताटावरून उठून गेला. गिरजानं घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. तेव्हा ओमी मोरीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आई, तू होय म्हन, मी या दारातून हळद लावून जातो. नाई म्हन, मी गोंदियाले नोंदनी लग्न करतो. पन मंग सनावाराले माही वाट पाहू नोको."

एवढंच म्हणाली. ओरडली नाही. गिरजाला तेच लागलं. ही पोर ओरडली असती तर समजूत घालता आली असती.

एकुलती एक पोर. आणि काळी. गिरजा स्वतः केतकी रंगाची, तिरोड्याकडची. तिला बघायला आले तेव्हा लक्ष्मीचंद सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही पाहा माझी सुवर्णा." सुवर्णा म्हणजे कादंबरीतली यशवंतरावांची गोरी, शालीन बायको. लग्न ठरलं ते तिथंच. त्या वेळी गिरजानं पुस्तक वाचलेलंही नव्हतं, तरी तिला केवढा आनंद झाला होता. पुढं पोटी अशी सावळ्याच्याही पलीकडची पोर झाली, तेव्हा आजोबा हसून म्हणाले, "घ्या, काजळी आली घरात." लाडाचं नाव पडलं. शाळेत असताना ओमीनं माळ्यावरून ते पुस्तक काढून वाचलं, आणि त्या दिवसापासून काजळी म्हटलं की ओ द्यायचं तिनं बंद केलं. घरातल्यांना वाटलं, पोर मोठी झाली.

पाण्याचा लोटा घेऊन गिरजा बाहेर आली, तर लोकेंद्र खुर्ची ओढून बसलेला. चेहऱ्यावर राग नव्हता. रात्रभर विचार करून या माणसानं काहीतरी शोधून काढलं होतं, हे तिला बसण्याच्या ढबीवरूनच कळलं.

"बाबूजी, पुस्तकातल्या काही ओळी काढाव्या लागतील," तो म्हणाला.

"कोणत्या?"

"मासळीचा दर्प वगैरे. जातीचे उल्लेख. आता जमाना वेगळा आहे. रविवारी स्टेजवर आमदार येऊन रायले. कोनी उचलून व्हॉट्सॲपवर टाकलं तर?" मग जरा घसा साफ करून, "आणि मले झेडपीले उभं राहाचं आहे. बोडीकाठची सगळी वस्ती धिवरांची आहे."

"हां. म्हणजे मतांसाठी माझं पुस्तक धुवायचं," लक्ष्मीचंद उठून बसले. "एक अक्षर काढू देणार नाही."

"मी पण," दारातून ओमी म्हणाली.

तिघांनीही तिकडं पाहिलं. लक्ष्मीचंदांना दिसत नव्हतं, तरी त्यांनीही मान वळवली.

"शाबास!" ते म्हणाले. "पाहिलं? माझी नात माझ्या बाजूनं आहे."

"तुमच्या बाजूनं नाही, आजोबा. पुस्तकाच्या बाजूनं आहे. धुतलं तर आपण असं कधी लिहिलंच नव्हतं असं होईल. पुढच्या पोरांना वाटेल, या घरानं सगळ्यांवर सारखंच प्रेम केलं." ती येऊन खाटेच्या पायथ्याशी बसली. "आहे तसं छापा. पुढं मी लिहीन ते काय आहे."

"काय आहे?"

"आता आईनं विचारलं ना, धूल की धूळ? अन् लगेच पानी मागितलं, तवा कसे बोलले तुमी? यशवंतराव कोन्या गावचा आहे, आजोबा? पुन्याचा? तुमच्या कादंबरीत मालगुजाराच्या घरचा कुत्रासुद्धा शुद्ध मराठीत भुंकते. झाडीबोली बोलते कोन? काजळी, तिचा बाप, अन् गडीमानसं. आपन नाही बोलत होतो का?"

लोकेंद्रला हसू आलं, पण तो बापाकडं बघून थांबला.

"बरं, सुवर्णा गोरी म्हणून चांगली," ओमी पुढं म्हणाली. "काजळी काळी, तरी चांगली. हे 'तरी' पानापानावर आहे. काळी 'तरी' सुंदर, धिवराची 'तरी' स्वच्छ, अडाणी 'तरी' समजदार. अन् एवढी चांगली असून शेवटी तिला मरायचंच. तुमी एकटेच नाही, त्या काळच्या किती कादंबऱ्यांत हेच आहे. खालची पोरगी वरच्यावर जीव लावते, अन् घर बाटायच्या आत मरून जाते. वाचनारा रडते, अन् घर जसंच्या तसं राहते."

गिरजाला वाटलं, आता म्हातारा संतापेल. पण लक्ष्मीचंदांचा आवाज उलट बारीक झाला.

"तुला माहीत नाही पोरी. त्या काळी धिवराच्या पोरीला नायिका कोण करत होतं? समाजानं वर्षभर आमच्याकडचं जेवण बंद केलं होतं त्या पुस्तकापायी. मी तिच्यावर प्रेम लिहिलं. शिवी नाही लिहिली."

हे खरं होतं. गिरजानं सासूच्या तोंडून ते ऐकलं होतं. त्या वर्षी घरच्या लग्नाला कुणी पत्रावळीवर बसलं नव्हतं. आजोबांना नुसतं वाईट ठरवणं ओमीला जमत नव्हतं, आणि म्हणूनच ती त्यांना सोडतही नव्हती.

"झालं तुमचं साहित्य?" लोकेंद्र म्हणाला. "आता माझं ऐका. मी होय म्हनतो."

"कशाला?"

"लग्नाला." त्यानं हे असं टाकलं, जसा बैलबाजारात सौदा मोडता मोडता माणूस एकदम हात पुढं करतो. "हिमांशू चालेल मले. नोकरी आहे, वागनूक बरी आहे. रविवारी स्टेजवरच जाहीर करू. 'लक्ष्मीचंदजींनी कादंबरीत जे लिहिलं, ते त्यांच्या घरानं करून दाखवलं.' पन त्या बदल्यात ओळी निघतील, अन् ओमी चांगली प्रस्तावना लिहील. बस. हिमांशूले अन् त्याच्या आजीले बोलावलं आहे मी. येतच असतील."

गिरजा नवऱ्याकडं पाहतच राहिली. काल ताट सोडून गेलेला हाच. लेकीचं लग्न, बापाचं पुस्तक आणि स्वतःची निवडणूक, तिन्ही एकाच गाडीत बसवली होती यानं. तिला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. पोर या दारातून जाईल. सणाला येईल. अजून काय पाहिजे?

रुख्माबाई आणि हिमांशू आले ते अंगणातल्या धानाच्या पुंजण्यांना वळसा घालून. बकारामची ही आई, त्या घरात शब्द तिचाच चालायचा. म्हातारी ताठ होती, काठी नव्हती. हिमांशू इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. रुख्माबाई नेहमीसारखी छपरीच्या पायरीवर बसली. या घरी ती तिथंच बसायची. शिंगाडे घेऊन यायची तेव्हाही तिथंच.

"वर बसा ना, खुर्चीवर," लोकेंद्र मोठ्या मनानं म्हणाला.

"बसली ना जी मी."

लोकेंद्रनं सगळं पुन्हा सांगितलं. आम्ही जुन्या विचाराचे नाही, आम्हाला जात-पात नको, पोरगी सुखी राहो, एवढंच. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, स्टेजवर बोलतो तसा. आता म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येईल, अशा अपेक्षेनं तो थांबला.

रुख्माबाई म्हणाली, "मले कोनं इचारलं?"

"म्हणजे?"

"तुमी होय म्हटलं. तुमच्या पोरीनं होय म्हटलं. माह्या नातवानं म्हटलं. मी तं नाई म्हटलं अजून. मी नाई म्हनतो."

हिमांशू खाली मान घालून म्हणाला, "मी तुमाले सांगनारच होतो, काकाजी. आजी मानत नाही. मी तिच्या मनाविरुद्ध करनार नाही. अन् मले तुमच्या मतांत धरू नका."

ओमीचा चेहरा उतरला. नोंदणी लग्नाची धमकी तिनं आईला दिली होती. पण त्या धमकीला हिमांशूही लागणार होता, आणि तो आजीचं मन मोडणार नव्हता. आपल्या लेकीला धिवराच्या घरून नकार यावा? हे गिरजाच्या मनात आलं आणि पाठोपाठ तिला स्वतःचीच लाज वाटली. इतका वेळ या घरातल्या प्रत्येकानं भांडताना एवढंच धरलं होतं, की ते तर एका पायावर तयारच असतील. त्यात ओमीसुद्धा होती.

"काऊन नाही, रुख्माबाई?" गिरजानं विचारलं.

"पाटलाले इचारा. ते पुस्तक लिहिलं त्यानं."

"तुझ्यावर लिहिलं होतं रुख्मा, मान देऊन लिहिलं होतं," लक्ष्मीचंद म्हणाले. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते कबूल केलं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही कधी बोललं नव्हतं.

"मान?" रुख्माबाई पायरीवरून त्यांच्याकडं वळली. "बाई, मंडईले नाटक झालं. गावोगावचे पोट्टे मले काजळी म्हनत. माहं लगन जमलं होतं, ते मोडलं. हे पाटलाच्या पोराच्या पायावर पडली, म्हने. बोडीत उडी घ्याले गेली, म्हने. चिचगडले मामाकडं जाऊन रायली मी, किती वर्सं. कोनाच्या पायावर पडली मी? सांगा ना, पाटील. इतं बसून सांगा."

लक्ष्मीचंदांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"ह्यानं म्हटलं, शेतावर खोली बांधून देतो, तिथं राय. घरात नाई म्हटलं, शेतावर. मी म्हटलं, तुह्या मायच्या सैपाकघरात नेशीन का मले, चौरीपाशी? तं गप. मंग मी म्हटलं, नाई. पुढच्या साली पुस्तक निंगालं. त्यात मी मेली."

चौरी म्हणजे स्वयंपाकघरातला देवाचा मातीचा ओटा. पोवारांच्या घरात परक्याचा पाय तिथं पडत नाही. गिरजा नवरी होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी तिला तिथंच बसवलं होतं आणि सासूनं म्हटलं होतं, आता तू घरची झालीस. या म्हातारीनं तरुणपणी तीच एक जागा मागितली होती. खोली नव्हती मागितली.

गिरजानं खुर्चीवरची पानं उचलली. तिला शोधावं लागलं नाही. शेवटचं प्रकरण तिनं कालच वाचलं होतं, सवयीनं, भाजी निवडावी तसं. आता ती उभ्यानं वाचू लागली.

"'चांदण्यात शिंगाड्याची बोडी शांत होती. काजळीने एकवार वाड्याकडे पाहिले. मालक, सुखी राहा, असे पुटपुटून तिने स्वतःला पाण्याच्या स्वाधीन केले. क्षणभर तरंग उठले. मग काहीच नव्हते.'"

ती थांबली. हे पान मंडईत हजारो लोकांनी रडत ऐकलं होतं. ती स्वतः दोनदा रडली होती.

"मामाजी, धिवराची पोरगी बोडीत बुडली कशी?"

"आं?"

"जी पोर रांगायला लागली ती पान्यात, ती बुडली कशी? अन् शिंगाड्याची बोडी. छातीएवढं पानी. ओमी लहान असताना त्याच बोडीत पडली होती, रुख्माबाईंच्याच सुनेनं चालत जाऊन काढली." गिरजानं पानावर बोट ठेवलं. "मी तिरोड्याची, मले पोहता येत नाही. माह्याही ध्यानात आलं नाही इतकी वर्सं. समाजाच्या ध्यानात नाही, नाटकवाल्यांच्या नाही. सगळ्यांनी तिला बुडू दिलं. मामाजी, ती बुडली कशी?"

"कादंबरी आहे ती, गिरजा. कादंबरीत बुडावं लागते."

"कोनासाठी?"

लक्ष्मीचंदांनी हातानं लोड चाचपला. "ती मेली नाही तर यशवंत सुवर्णाशी लग्न कसा करेल? वाचणारा त्याला माफ कसा करेल?"

हे ते इतक्या सरळपणे बोलले, की लोकेंद्रनंही मान वर केली. हा बहाणा नव्हता. म्हातारा लेखक म्हणून खरं सांगत होता.

"अन् तिनं नाही म्हटलं, असं लिहिलं असतं तर?" ओमीनं विचारलं.

"मग यशवंतराव कोण? धिवराच्या पोरीनं नाकारलेला माणूस. त्याची कादंबरी त्या काळी कोणी छापली नसती." ते पुढं म्हणाले, "अन् मी लिहिली नसती."

"आता लिहू," गिरजा म्हणाली.

"का लिहू?" लोकेंद्र उठला. "हे पाहा, चहा आना, रुख्माबाईले समजावू. रविवार चार दिवसांवर आहे, तमाशा नोको. बाबूजींची इज्जत..."

"तुमी बसा." लग्न झाल्यापासून गिरजानं नवऱ्याला चारचौघांत बसा म्हटलं नव्हतं. तो बसला. "मले सब मालूम आहे, इज्जत काय असते. माही पोरगी माह्यासारखी गोरी निंगाली असती, तर या घरानं तिले सुवर्णा म्हटलं असतं, अन् मी खुशीत राहिली असती. मी सुवर्णा नाही. मी गिरजा. अन् पुस्तकातली एक ओळ निंघनार नाही. सगळं छापा. मासळीचा दर्पही छापा. ओमी प्रस्तावना लिहील, अन् मामाजीले दिसत नाही, तं कोहमाऱ्याले ती मी वाचीन. माईकवर. आमदार ऐको नाही तं उठून जावो."

"समाज पुन्हा जेवण बंद करेल," लक्ष्मीचंद पुटपुटले.

"मागच्या खेपेले खोट्यासाठी केलं होतं. या खेपेले खऱ्यासाठी करो."

म्हातारा हात पुढं करून हवेत चाचपू लागला, तेव्हा ओमीनं आपला हात दिला. "लिही," ते म्हणाले. "माझं पुस्तक आहे, माझ्यापुढं लिही. काय लिहिशील ते ऐकू दे मला."

ओमीनं पेन घेतलं, पण लिहायच्या आधी ती खाटेजवळून उठून पायरीवर, रुख्माबाईशेजारी जाऊन बसली. "आजी, तुमचं नाव घालू? का दुसरं काही घालू?"

"माहंच घाल. काजळी नोको. रुख्मा."

ओमीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "'या कादंबरीतली मुलगी बुडाली नाही. तिचं नाव रुख्मा. तिनं नाही म्हटलं होतं, आणि ते आम्हाला लिहिता आलं नाही.'"

रुख्माबाईनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग तिनं लोकेंद्रकडं पाहिलं.

"आता इचारा."

"काय विचारू?"

"मघा तुमी सांगून रायले होते. आता इचारा."

लोकेंद्रनं आजवर या पायरीवर बसणाऱ्या कुणालाही काही विचारलं नव्हतं. तो बापाकडं बघू लागला, मग गिरजाकडं. गिरजा मदतीला आली नाही. ती दारात उभी होती, स्वयंपाकघराचं दार मागं पूर्ण उघडं टाकून. शेवटी तो खुर्चीवरून उठला, दोन पायऱ्या उतरला आणि म्हातारीसमोर उकिडवा बसला. स्टेजवरचा आवाज आता कुठं गेला होता कोण जाणे.

"रुख्माबाई," तो म्हणाला, "आमची ओमी तुमच्या घरी द्याची आहे. घ्यान का जी?"

रुख्माबाईनं हिमांशूकडं पाहिलं नाही, ओमीकडंही नाही. खाटेवरच्या आंधळ्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, आणि त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली.

"हो म्हनतो मी. तवा नाई म्हटलं, तेबी मीच. आज हो म्हनतो, तेबी मीच. लिहून घे, पोरी."

ओमेश्वरीनं लिहून घेतलं.